मदत हवी आहे: बोअरचं खारं पाणी, लोखंडाचा गंज आणि द्रावणाच्या रोधाची भरपाई

खारपाणी

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यात कॉलेजला रसायनशास्त्र शिकवतो. खारपाणपट्ट्यात (जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात) बोअरचा लोखंडी पाइप किती लवकर खातो हे इथल्या शेतकऱ्याला प्रयोग करून सांगावं लागत नाही, पण एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्ट हवा होता. बोअरचं पाणी एका सेलमध्ये, गोडं पाणी दुसऱ्यात, लोखंडाचा 1 चौ. सेंमी तुकडा, तीन इलेक्ट्रोड, जुना पोटेन्शियोस्टॅट (ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं मशीन). ध्रुवीकरण रोध (हा जितका कमी, तितका गंज जास्त) आला खाऱ्यात 1500 ओहम, गोड्यात 3100. म्हणजे खाऱ्यात गंज दुप्पट. पोरं खूश.

मग कुणीतरी विचारलं, यातून द्रावणाचा, म्हणजे पाण्याचा स्वतःचा रोध वजा केला का? नव्हता केला. सॉफ्टवेअरमध्ये हा रोध मशीननेच भरून काढायचा, भरपाईचा पर्याय सापडला, 100 टक्के टाकले, तर करंटची रेघ अशी थरथरायला लागली की मशीन जळते की काय वाटलं. एकाने सल्ला दिला, पाण्यात थोडं पोटॅशियम क्लोराइड टाका, रोध कमी होईल. पण मग ते बोअरचं पाणी राहील का?

दुसरं दुखणं लाईनचं. टाफेलचा स्कॅन (व्होल्टेज हळूहळू बदलत करंट नोंदवायचा) 0.167 मिलिव्होल्ट प्रतिसेकंदाने 500 मिलिव्होल्ट, म्हणजे 50 मिनिटं. चाळिसाव्या मिनिटाला लाईन गेली की सगळं पाण्यात, फाइल शेवटीच तयार होते. काय करावं?

जुनी_प्रयोगशाळा

सर, मीठ अजिबात टाकू नका. क्लोराइडनेच तर गंज वाढतो, मोजायचं तेच बदलेल.

भरपाई चालू असली की मशीन करंट पाहून तेवढं व्होल्टेज वर चढवतं. पूर्ण 100 टक्के दिले की ते आपल्याच मागे धावायला लागतं, म्हणून थरथर. लोक 80-85 वर थांबतात. पण तुमचा स्कॅन इतका संथ आहे की चालू प्रयोगात भरपाई हवीच कशाला? बंद ठेवा. इम्पिडन्स (वेगवेगळ्या वारंवारितेला रोध मोजायची सोय) असेल तर उच्च वारंवारितेच्या टोकाला आलेख आडव्या अक्षाला जिथे टेकतो, तो द्रावणाचा रोध. नसेल तर करंट क्षणभर तोडा, व्होल्टेज जेवढं झटकन पडतं त्याला करंटने भागा. मग प्रत्येक बिंदूच्या व्होल्टेजमधून करंट गुणिले रोध वजा करा. काचेची ल्युगिन नळी (तुकड्याजवळचं व्होल्टेज मोजायची बारीक टोकाची नळी) असेल तर टोक तुकड्याजवळ आणा, पण टोकाच्या जाडीच्या दुपटीहून जवळ नको, करंटच अडतो.

पऱ्हाटी

वजाबाकी एकदाच करा हो! आमच्याकडे मशीनने 85 टक्के भरपाई केली होती, वर पोराने पूर्ण रोध पुन्हा वजा केला. फाइलमध्ये नोंदच नव्हती. तेव्हापासून कच्ची फाइल कुणी उघडून सेव्ह करायची नाही, दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये. सोबत साध्या मजकुरात तारीख, पाण्याचं तापमान, रोध, भरपाई किती टक्के, तुकड्याचं क्षेत्रफळ. कंपनीच्या फॉरमॅटसोबत सीएसव्हीही (साधी मजकुराची फाइल) ठेवा, लायसन्स संपलं की कंपनीची फाइल बंद पडते.

लाईनसाठी मशीन आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर. नुसतं कॉम्प्युटर चालू राहून उपयोग नाही. आणि सेटिंगमध्ये बघा, चालू प्रयोगात दर मिनिटाला सेव्ह करायची सोय कुठेतरी लपलेली असते.

तापमानाचं विसरू नका राजेहो. पाण्याची वाहकता एका अंशाला साधारण 2 टक्के वाढते. मे महिन्यात सकाळी मोजलेला रोध दुपारच्या स्कॅनला लावाल तर गणित गेलं.

खारपाणी

दोघांचेही आभार. सकाळी सातला पुन्हा मोजलं. द्रावणाचा रोध खाऱ्यात 110 ओहम, गोड्यात तब्बल 900! वजा करून ध्रुवीकरण रोध 1390 आणि 2200. टाफेल उतार (त्या स्कॅनच्या आलेखाचे उतार) दोन्हीकडे सारखे धरले तर फरक दुप्पट नाही, 1.6 पट निघतो. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्याच्याच आकड्यात जास्त गफलत होती, हे डोक्यातच आलं नव्हतं.

सेव्हची सोय सापडली, तिसऱ्या मेनूत. प्रोजेक्टचं पोस्टर मात्र छापून आलंय. सध्या ‘दुप्पट’वर कागदाची पट्टी चिकटवतोय.