मेथोट्रेक्सेट इतक्यात सोडू नका
संधिवातासाठी दोन आठवडे मेथोट्रेक्सेट घेऊनही सांधे तसेच आखडतात, म्हणून गोळी बंद करावीशी वाटते, असं तुम्ही म्हणता. कृपया घाई करू नका. ही वेदनाशामक गोळी नव्हे. प्रतिकारशक्तीचा सांध्यांवरचा हल्ला ती हळूहळू शमवते. फरक जाणवायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर डॉक्टर बऱ्याचदा थोडं स्टिरॉइड जोडून देतात.

एक मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा: गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर रक्तपेशी घसरून जिवावर बेतू शकतं. पाकिटावर वारच लिहून ठेवा. मळमळ होत असेल तर फॉलिक अ‍ॅसिडबद्दल विचारा.

पुढे अडालिमुमॅबसारख्या इंजेक्शनची वेळ आलीच, तर आधी क्षयरोगाची तपासणी करून घ्या. हे इंजेक्शन टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखतं, आणि ते रोखलं की शरीरात दबून बसलेला क्षय डोकं वर काढू शकतो.