घाटावरची गाय आणि कोकणातली हवा

दादा, बाजारात दिवसाला बारा लिटर दूध सांगितलेली होल्स्टीन (विदेशी दुधाळ जात) संकरित गाय गुहागरात चार लिटरवर आली, यात सगळा दोष विकणाऱ्याचा नसेल. या जातीला २५ अंशांपुढची उष्णता सोसत नाही, त्यात आपल्याकडची दमट हवा. धापा टाकणारी गाय वैरण कमी खाते. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर तर दूध टिकतच नाही. आधी गोचीड बघा, ताप असेल तर रक्त तपासून घ्या, थायलेरियासिस (गोचिडांमुळे होणारा ताप) अंगावर काढू नका.

पुढची गाय घेताना सलग दोन वेळा स्वतः धार काढा. एकाच वेळेची धार फसवते, कारण आदली धार चुकवून कास तुंबवलेली असू शकते. घरापुरतंच दूध हवं असेल तर कोकण कपिला ही इथली देशी गाय घ्या. दूध दोनेक लिटरच, पण इथल्या पावसात ती तगते.