प्रति: पाणी शांत असताना परतीची चिंता
डोंगरातल्या तलावात होडी वल्हवत निघताना सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असते, तेव्हा परतीची काळजी नको, असे काहींचे मत आहे; त्याच्याशी मी सहमत नाही. डोंगरउतार उन्हाने तापले की दुपारी वारा दरीतून वर चढू लागतो आणि अरुंद, लांबट तलावात तो नेमका लांबीच्या दिशेने वाहत असल्यामुळे, परतताना समोरून आला तर जाताना तासाभरात कापलेले अंतर परतताना तीन तास वल्हवूनही सरत नाही. हे मी स्वतः भोगले आहे. वल्ह्यावरून ओघळणारे पाणी बाहीत शिरून बोटे इतकी बधिर झाली होती की लाइफ जॅकेटचा बंदही सुटेना. (तो बांधलेला होता, हे नशीब!) बर्फ वितळून आलेले पाणी भर उन्हाळ्यातही १० अंश सेल्सिअसच्या खाली असू शकते आणि त्यात पडल्यावर पहिले मिनिटभर श्वासावर ताबाच राहत नाही, त्यामुळे किनाऱ्यालगतच वल्हवावे.