रेलगनवर आपण पैसा घालावा का?

शिरोलीकर
अमेरिकी नौदलानं 2021 मध्ये रेलगनचं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या तोफेचं काम थांबवलं, मग आपण कशाला, हा सूर मला अजिबात पटत नाही. या तोफेत दारू नसते. दोन समांतर पट्ट्यांतून लाखो अँपिअर करंट सोडला की मधला वाहक तुकडा चुंबकीय बलानं गोळ्याला पुढं रेटतो. 2010 मध्ये डाल्ग्रेनला, अमेरिकी नौदलाच्या चाचणी केंद्रात, 33 मेगाज्यूलचा बार झाला. गोळ्यात उतरलेली ही ऊर्जा वीजबिलात मोजली तर साधारण नऊ युनिट! म्हणजे अडचण विजेची नाही. ती काही मिलिसेकंदांत ओतायची कशी आणि तेवढ्या उष्णतेत, घर्षणात पट्ट्या टिकवायच्या कशा, इथं घोडं अडलंय. टिकाऊ पट्टी हा धातूचा प्रश्न आहे. पुण्याच्या एआरडीईनं, डीआरडीओच्या शस्त्र संशोधन संस्थेनं, 12 मिमी बोअरवर (नळीच्या आतल्या मापावर) चाचण्या केल्यात. पुढच्या कामात आपल्या कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना आत्तापासून घ्यावं.

जुना तोफखानावाला
भावा, तुमची कळकळ कळते. पण आपल्याकडं मुख्यत्वे बीड, म्हणजे ओतीव लोखंड ओततात. पंपाचे, ट्रॅक्टरचे, गाड्यांचे भाग होतात. तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी, तीही प्रत्येक बाराला खरवडली जाणारी, हा निराळाच धंदा. पोरांना खोटी आशा नको. सीमेवरच्या जवानाला तोफ आज लागते. 155 मिमीची आपली देशी एटॅग्स तोफ 48 किलोमीटरपर्यंत मारते, मार्च 2025 मध्ये 307 तोफांचा करार झालाय. तिचे सुटे भाग इथं करा की! रेलगनची वीज साठवणारे खोलीभर कपॅसिटर घेऊन लडाखचा घाट कोण चढणार?

उद्यमनगर
दादा, एक सांगतो. रेलगनसाठी घडवलेला गोळा अमेरिकेनं फेकून दिला नाही. 2020 मध्ये तोच साध्या 155 मिमी तोफेतून डागून क्रूझ क्षेपणास्त्रासारखं लक्ष्य पाडलं. शिकलेलं तुमच्या तोफेच्याच कामी आलं.

शिरोलीकर
आणि घाट चढवायला कोण सांगतंय? ही तोफ जहाजाची आहे. जपाननं ऑक्टोबर 2023 मध्ये समुद्रात जहाजावरून डागली. बोअर 40 मिमी, वेग सेकंदाला दोन हजार मीटरच्या वर. त्यांनी आकार लहान ठेवला आणि पट्टीच्या झिजेवर जीव लावला. हीच वाट धरा म्हणतो मी. बीड ओतणाऱ्याला भेग कुठून जाते, झीज कुठं सुरू होते हे रोज दिसतं. तो तांबंही शिकेल, त्याला कुणी काम तर द्या.

जुना तोफखानावाला
जहाजावर म्हणत असाल तर खर्च नौदलाच्या खात्यातून करा. एटॅग्सच्या एका रुपयाला हात लावायचा नाही, एवढं मी सोडणार नाही.