जिरात फिल्टर लावला की निम्मी टास्क दिसतच नाहीत

उद्यमबाग_टेस्टिंग
बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांसाठी जॉब कार्ड आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर आहे, त्याची टास्क जिरा क्लाउडवर (कामांची नोंद ठेवायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर). सोमवारच्या मीटिंगला उघड्या कामांची यादी लागते. 'कन्नड-फॉर्म' लेबलची कामं दुसरी टीम बघते, ती वगळायची आहेत. जेक्यूएल, म्हणजे जिरात शोधायची अट, असं (इथं देवनागरीत लिहिलंय, टाइप इंग्रजीतच केलंय):

प्रोजेक्ट = फौंड्री अँड स्टेटस != डन अँड लेबल्स != कन्नड-फॉर्म

यात 38 टास्क येतात. लेबलची अट काढली की 66. कन्नड-फॉर्मची तर फक्त 9 आहेत, मग बाकीची 19 गेली कुठं? शिवाय हाच सेव्ह केलेला फिल्टर सहकाऱ्याच्या लॉगिनमध्ये 31 दाखवतो. आणि 'क्लोज्ड' झालेली कामंही यादीत येतात. कुठं चुकतंय सांगा की.

मार्कंडेय_काठ
ती 19 म्हणजे एकही लेबल न लावलेली टास्क. जिरात '!=' आणि 'नॉट इन' रिकामी फील्ड धरतच नाहीत. 'लेबल कन्नड-फॉर्म नाही' याचा जिराच्या लेखी अर्थ 'काहीतरी लेबल आहे आणि ते कन्नड-फॉर्म नाही' असा होतो. एरर येत नाही, यादी गुपचूप आखडते, म्हणून हा घोळ महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. रिकामं वेगळं मागायचं:

प्रोजेक्ट = फौंड्री अँड स्टेटसकॅटेगरी != डन अँड (लेबल्स != कन्नड-फॉर्म ऑर लेबल्स इज एम्प्टी)

कंस गाळू नका. जिरा 'अँड' आधी सोडवतो, 'ऑर' नंतर. कंस नसेल तर शेवटची अट सुटी पडते आणि साइटवरच्या सगळ्या प्रोजेक्टांतली बिनलेबलाची टास्क, बंद झालेलीसुद्धा, तुमच्या यादीत येतात.

असायनी (काम कुणाकडे दिलंय), कंपोनंट, फिक्स व्हर्जन या फील्डांचंही तसंच. 'असायनी != करंटयूझर()', म्हणजे 'माझ्याकडे नसलेली', असं लिहिलं तर कुणालाच न दिलेली कामं सुटतात, आणि मीटिंगमध्ये बघायची असतात नेमकी तीच. ताळा करायचा तर कन्नड-फॉर्म लेबल असलेली, दुसरं लेबल असलेली आणि बिनलेबलाची अशी तीन वेगळी मोजणी करा. बेरीज एकूण आकड्याला जुळली पाहिजे: 9 + 38 + 19 = 66.

क्लोज्डचं कारण सोपं आहे. 'डन' हे एका स्टेटसचं नाव, 'क्लोज्ड' दुसऱ्याचं. स्टेटसकॅटेगरी तीनच असतात, टू डू, इन प्रोग्रेस आणि डन, आणि स्टेटसचं नाव काहीही ठेवलं तरी ते या तिन्हीपैकी एकीत बसतंच. त्यामुळे वरच्या ओळीत क्लोज्ड येणार नाही, आणि एकूण आकडाही तेवढ्यानं कमी होईल.

निपाणी_ॲडमिन
31 आणि 38 चा फरक फिल्टरमधला नाही. फिल्टर शेअर केला म्हणजे फक्त अटी शेअर होतात, टास्क बघायची परवानगी नाही. प्रोजेक्टात इश्यू सिक्युरिटी लेव्हल (कुठलं टास्क कुणाला दिसावं याची पातळी) लावली असेल तर त्या पातळीत नसलेल्याला ती टास्क मोजणीतही दिसत नाहीत. हरवलेल्या सातांपैकी एकीची थेट लिंक सहकाऱ्याला उघडायला द्या. उघडली नाही तर प्रश्न परवानगीचा. उघडली, तर त्यानं फिल्टरमध्ये बदल करून सेव्ह न करता ठेवलाय का ते बघा.

बोर्डावर मोजून ताळा करू नका. कानबान बोर्डाला (कामं रकान्यांत मांडून दाखवणारा जिरातला फलक) मुख्य फिल्टरखेरीज सब-फिल्टर असतो, आणि जुनी पूर्ण झालेली कामं बोर्ड आपोआप लपवतो.

खानापूर_रेडमाइन
रेडमाइन हे जिरासारखंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी वरचं जसंच्या तसं घेऊ नये. तिथं 'नाही' ही अट रिकामी फील्डही धरते, म्हणजे जिराच्या बरोबर उलट. एकाच फील्डमध्ये अधिकचं चिन्ह दाबून दोन-तीन किमती निवडल्या की त्यांत 'किंवा' लागतं, पण वेगवेगळ्या फील्डमध्ये कायम 'आणि'च. इश्यूंची यादी सुरुवातीला फक्त उघडी कामं दाखवते, ती अट आधी बघा.

यादीची सीएसव्ही फाइल काढून एक्सेलमध्ये डबल-क्लिकनं उघडली की मराठी-कन्नड मजकुराची बऱ्याचदा गिचमिड होते. एक्सेलमधून डेटा, मग फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, आणि तिथं 65001 यूटीएफ-8 निवडा.

हिंडलगा_डेटा
लेबलांची भाषाही तपासा. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यामुळे टीममध्ये एकजण बेळगाव लिहितो, दुसरा बेळगांव, तिसरा बेळगावी. जिराला ही तीन वेगळी लेबलं. त्यात लेबलमध्ये स्पेस चालत नाही, 'चिकोडी रोड' टाइप केलं की दोन लेबलं होतात. गाव किंवा ग्राहक यासाठी ठरावीक पर्यायांचं सिलेक्ट फील्ड करा, पर्याय ॲडमिनच वाढवेल.

मजकुरात शोधताना '~' पूर्ण शब्द जुळवतो. 'बेळगाव' शोधलं तर 'बेळगावच्या', 'बेळगावातल्या' सुटतात, आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात ना. 'बेळगाव*' लिहा. अनुस्वाराचं बेळगांवही हवं असेल तर 'बेळगा*'.

उद्यमबाग_टेस्टिंग
कंस घातले, बिनलेबलाची सगळी आली. सातही सिक्युरिटी लेव्हलचीच निघाली. आता एकच: 'रिझोल्यूशन = अनरिझॉल्व्ड' (निकाल न भरलेली कामं) वाल्या डॅशबोर्डवर बंद कामं अजून दिसतात.

मार्कंडेय_काठ
स्टेटस बदललं, पण त्या ट्रान्झिशननं (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जायच्या पायरीनं) रिझोल्यूशन भरलं नाही. आधी वर्कफ्लोत 'डन'कडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनला रिझोल्यूशन भरायचा नियम लावा, आणि पुन्हा उघडणाऱ्याला ते पुसायचा. मग जुनी टास्क बल्क चेंजनं (एकदम अनेक टास्क बदलायची सोय) पुन्हा उघडून बंद करा. एका वेळी 1000 पर्यंत जातात, आणि मेल पाठवायची टिक काढा, नाहीतर सगळ्यांचे इनबॉक्स भरतील. एक लक्षात ठेवा, रिझोल्यूशनची तारीख आजची पडेल. महिन्याचा रिपोर्ट त्या तारखेवर निघत असेल तर तो आधी काढून घ्या.