शाळेच्या बाँडची शिल्लक : शाळेला की करदात्याला?

ओंजळ:
कॅलिफोर्नियात घर असलेल्यांसाठी धागा. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात शाळेच्या बाँडची (इमारतींसाठी काढलेल्या कर्जाची) वेगळी ओळ असते. तो पैसा कौंटीच्या ट्रेझररकडे स्वतंत्र खात्यात जमतो आणि त्यातून फक्त मुद्दल-व्याज फेडलं जातं. पण सगळे बाँड फिटल्यावर त्यात जे उरेल, ते कायद्याने स्कूल डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) जनरल फंडात, म्हणजे पगार वगैरे रोजच्या खर्चाच्या खात्यात जातं. मला हे पटत नाही. २००० साली प्रॉपोझिशन ३९ने (राज्यभरच्या मतदानाने झालेल्या कायद्याने) बाँडच्या मंजुरीला लागणाऱ्या मतांची अट दोन तृतीयांशांवरून ५५ टक्क्यांवर आणली, ती बाँडचा पैसा पगाराला वापरणार नाही या अटीवर. मग कर्जफेडीसाठी घेतलेला कर पगाराला कसा चालतो? उरलं तर करदात्याला परत द्या.

माळरान:
पगाराची बंदी आहे ती बाँड विकून आलेल्या पैशावर. बांधकाम होऊन त्यातलं काही उरलंच, तर ते आधी कर्जफेडीच्या खात्यात जातं. तुम्ही म्हणताय ती शिल्लक करातली. कौंटी दरवर्षी खात्यात किती आहे ते बघूनच कराचा दर ठरवते, त्यामुळे शेवटी फार उरू नये. आणि परत द्यायचं कुणाला? पंचवीस वर्षांत घरं दोन-तीनदा विकली जातात. भरणारा एक, घेणारा भलताच. त्यापेक्षा आज वर्गात बसलेल्या मुलांना मिळू दे.

कोयनाकाठ:
शिल्लक दूरच, इथे फेडायचेच वांधे होतात. सॅन डिएगोजवळच्या पोवे डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये साधारण साडेदहा कोटी डॉलर उचलले. फेड जवळपास ९८ कोटींची, तीही वीसेक वर्षांनी सुरू होणार! मतदान आपण करायचं आणि हप्ते आपल्या मुलांनी भरायचे, हा अन्याय आहे. २०१३च्या कायद्याने चक्रवाढ व्याजाच्या बाँडची मुदत २५ वर्षांवर आणि एकूण फेड मुद्दलाच्या चौपटीवर रोखली. चौपटसुद्धा मला भयंकर वाटते.

ओंजळ:
@माळरान, घरोघर चेक पाठवा असं मी म्हणत नाही. शेवटच्या एक-दोन वर्षांत दर इतका खाली आणा की खातं रिकामंच होईल. डिस्ट्रिक्टचे दुसरे बाँड चालू असतील तर त्यांचे हप्ते त्यातून भरा. नागरिकांची देखरेख समिती बांधकामाचा खर्च तपासते, या खात्याकडे बघणं तिचं काम नाही. म्हणून पुढच्या मेझरला (बाँडच्या प्रस्तावाला) मत देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या सभेत हे विचारायलाच हवं.

माळरान:
दुसऱ्या बाँडच्या हप्त्यांना माझी हरकत नाही. पण दर फार खाली आणला आणि कुणी कर थकवला, तर शेवटचा हप्ता अडेल. थोडी गंगाजळी ठेवावीच लागेल, आणि ती उरली तर शाळेचीच.