आयडलर अडवल्यावर व्यतिकरण का नाहीसे होते?

प्रश्न : १९९१ साली रॉचेस्टर विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ लेनर्ड मँडेल यांच्या गटाने दोन स्फटिक वापरले; अशा स्फटिकात एका फोटॉनापासून (प्रकाशकणापासून) दोघांची जोडी जन्मते, त्यातल्या एकाला सिग्नल आणि दुसऱ्याला आयडलर म्हणतात. या दोन स्फटिकांतून निघणाऱ्या सिग्नल फोटॉनांचे व्यतिकरण, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून प्रकाश कमीजास्त होणे, त्यांनी दाखवले. स्फटिकांमधला आयडलर फोटॉनांचा मार्ग अडवताच, सिग्नलच्या वाटेला हातही न लावता, हे व्यतिकरण नाहीसे झाले. असे का व्हावे?

उत्तर १ : पहिल्या स्फटिकाचा आयडलर दुसऱ्या स्फटिकातून आरपार नेऊन त्याच्या आयडलरशी तंतोतंत जुळवलेला असल्यामुळे, जोडी कोठे जन्मली हे कळण्याची सोयच उरत नाही. अडथळा आला की सिग्नलचा मार्ग आयडलरच्या अवस्थेशी एंटँगल होतो (म्हणजे असा गुंततो की एकाचे वर्णन दुसऱ्यावाचून पुरे होत नाही) आणि एकट्या सिग्नलपुरती सुसंगतता, म्हणजे दोन मार्गांच्या लहरींमधले व्यतिकरणाला लागणारे ठरावीक नाते, संपते. ही माहिती कोणी प्रत्यक्ष वाचण्याची गरज नसते, ती उपलब्ध असणे पुरेसे असते.

उत्तर २ : अर्धपारदर्शक फिल्टर ठेवल्यास मात्र व्यतिकरण एकदम जात नाही, त्याची स्पष्टता फिल्टरच्या पारगमन आयामाच्या (लहरीच्या उंचीचा जेवढा भाग फिल्टरपार जातो त्याच्या) प्रमाणात घटते. मला हाच या प्रयोगाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण सुसंगतता किती उरली हे त्यातून थेट मोजता येते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. याचा व्यवहारात उपयोग झाला आहे का?

उत्तर १ : होय. २०१४ साली व्हिएन्नात १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनांनी वस्तू उजळली, पण चित्र त्यांच्या ८१० नॅनोमीटरच्या जोडीदारांनी कॅमेऱ्यावर उमटवले.